रिकाम्या जागेचा कोळसा

दुपारचे सव्वादोन वाजले होते. चालू ड्रिलचा दांडा, कुणी हातातून सोडून द्यावा तसा, एकदम खाली गेला. साधारण एका माणसाच्या उंचीएवढा.

मग थांबला.

झालं ते एवढंच.

ही घटना खरी आहे. ज्याच्या डोळ्यांदेखत घडली तो माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टिंगल करण्यात त्याची हयात गेली आहे. तेव्हा मध्यरात्र, रडणारं कुत्रं आणि आपोआप विझणारे दिवे शोधत आलेल्यांनी इथूनच परत फिरावं. यात तसलं काही नाही. जे झालं ते लख्ख उन्हात, कामाच्या वेळेत, पगारी माणसांसमोर झालं.

तेच तर वाईट आहे.

तो माणूस भूशास्त्रज्ञ. गळ्यात काळ्या दोरीला एक छोटं भिंग कायम लोंबत असायचं, दगड डोळ्याशी धरून बघायला. म्हणून साइटवर सगळे त्याला पाठीमागे ‘भिंग’ म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं. “बरोबर आहे,” तो म्हणायचा, “इथली माणसं इतकी बारीक आहेत की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत.”

तिथे कोळशाची नवी खाण काढायचं घाटत होतं. जमिनीखाली थर कुठे आहे, किती जाड आहे, काढण्याजोगा आहे का, हे सांगणं भिंगाचं काम. त्यासाठी ठिकठिकाणी भोकं पाडायची. ड्रिल म्हणजे आतून पोकळ नळी. ती खडक कापत खाली जाते आणि कापलेल्या खडकाचा गोल दांडका तिच्या पोटात राहतो. त्याला कोअर म्हणतात. तो बाहेर काढून लांबट खाचांच्या पेटीत, जसा निघाला तसा, ओळीने मांडायचा. पेटी बघितली की जमीन बघितल्यासारखी.

आणि जिथे कोअर हाती लागत नाही, तिथे तेवढ्या लांबीची जागा पेटीत रिकामी सोडायची.

या धंद्यात एक रिवाज आहे. कोळसा ठिसूळ असतो, कधी ड्रिलच्या पाण्याबरोबर धुऊन जातो. म्हणून थराच्या मधोमध कोअर मिळाला नाही, तर ती रिकामी लांबी कोळशातच धरतात. कोळसा होता, वाहून गेला, असं समजायचं. सोयीचा रिवाज आहे. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

“काय झालं, मिस्त्री?” भिंगाने त्या दुपारी विचारलं.

“काही नाही, साहेब. मऊ कोळसा. लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली.”

मिस्त्री ड्रिल चालवायचा. बोलायला लागला की ड्रिलपेक्षा खोल जायचा. त्याला पुढच्या जागेवर जायची घाई होती, आणि घाई असली की त्याला सगळंच लोणी वाटायचं.

“सुरी लोण्यात जाते. पडत नाही,” भिंग म्हणाला. “आणि पाणी कुठंय?”

ड्रिल चालू असताना आत सोडलेलं पाणी सारखं वर येत राहतं. ते यायचं बंद झालं होतं.

“प्यायलं असेल जमिनीनं. ऊन बघा ना किती आहे.”

ऊन! शंभर मीटर खाली!

“मिस्त्री, तुमच्या डोक्यात भोक पाडलं तर कोअर मिळणार नाही,” भिंग म्हणाला आणि पेटीजवळ जाऊन बसला.

त्याला उत्तर माहीत होतं. दांडा पडतो तो पोकळीत. आणि कोळशाच्या थरात माणसाच्या उंचीची पोकळी आपोआप होत नाही. ती कुणीतरी खोदलेली असते. जुनी खाण, नकाशावर नसलेली. अशा खाणीत पाणी साठून राहतं. नवा बोगदा तिला भिडला की ते पाणी घटकेत बोगद्यात शिरतं, आणि आतली माणसं बाहेर येत नाहीत.

हे सगळं माहीत असून भिंगाने नोंदीत लिहिलं : कोळसा. कोअर वाहून गेला.

का लिहिलं?

एक कारण जाहीर सुनावणीचं. प्रकल्पाच्या सुनावणीत एक निवृत्त शिक्षिका उभी राहिली होती. म्हणाली, “माझ्या आईचे आजोबा इथे खाली कामाला होते. त्यांच्याबरोबर आणखी बरेच. एक दिवस ते वर आलेच नाहीत. खाली जुनी खाण आहे, ती आधी शोधा.”

भिंगाने माइक हातात घेतला. “बाई, आजोबा घर सोडून निघून गेले की घरचे चारचौघांत असंच सांगतात.”

सभागृह हसलं. शिक्षिका खाली बसली.

“इथे खाली एक कोनाडासुद्धा रिकामा नाही,” भिंग पुढे म्हणाला. “सगळं भरीव आहे. हा माझा शब्द.”

आता तो शब्द गिळायचा, तोही त्या बाईसमोर? त्यापेक्षा त्याने दगड गिळला असता.

दुसरं कारण जावई. तो खाणीतला इंजिनियर. आधीची खाण बंद पडली तेव्हापासून दोन वर्षं घरी बसला होता. नव्या खाणीचा पहिला बोगदा काढायला त्यालाच नेमलं होतं. पण थर जाड भरला तरच खाण होणार होती, आणि ती एक माणूसभर लांबी वजा केली की थर जाड भरत नव्हता. भिंगाला जावई कधीच आवडला नाही. “नोकरीतला जावई हा ग्रह, घरी बसलेला जावई हे ग्रहण,” असं तो बायकोला म्हणायचा. पण ग्रहण लेकीला लागलं होतं.

शिवाय पुढे तपासणारे आहेतच, असं त्याने स्वतःला सांगितलं. प्रत्येक जण पुढच्यावर ढकलतो. त्यालाच व्यवस्था म्हणतात.

पेटीत रिकामी जागा सोडून, पेट्या ठेवायच्या शेडला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली. पत्र्याच्या फटींतून ऊन आत येत होतं. पेट्या ओळीने होत्या तशाच. त्याने कालची पेटी उघडली...

रिकामी जागा नव्हती.

तिथे कोळसा होता. गोल. बरोबर त्याच जाडीचा, बरोबर तेवढ्याच लांबीचा. वरच्या तुकड्याला आणि खालच्या तुकड्याला नीट टेकलेला.

भिंग हसला.

“मिस्त्री!”

मिस्त्री आला.

“ही कलाकारी कधी केलीत?”

“कसली?”

“शेंडी लावायला मीच सापडलो?”

मिस्त्रीने पेटीत बघितलं. नेहमी दहा वाक्यं बोलणारा माणूस एकच बोलला. “साहेब, किल्ली तुमच्याकडं असते.”

हे खरं होतं. भिंगाने त्याला हाकलून दिलं आणि तो तुकडा हातात घेतला.

ओला होता.

काढलेला कोळसा काही तासांत सुकतो, तडकतो. हा गळत होता. आणि कोमट होता.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. ड्रिलने कापलेल्या कोअरवर ड्रिलच्या दातांचे गोल गोल ओरखडे असतात. प्रत्येक कोअरवर असतात. यावर एकही नव्हता. हा कापलेला नव्हताच. सुतार कडेला पॉलिश पेपर मारतो तसा घासून गोल केलेला होता. भिंगातून ते अगदी स्वच्छ दिसत होतं... थोड्या थोड्या अंतरावर उथळ खळगे होते. चार एका बाजूला. एक दुसऱ्या बाजूला.

त्याने नकळत तुकड्यावर स्वतःची बोटं ठेवली.

बसली.

त्याने तुकडा पेटीत टाकला आणि हात पँटला पुसले. मग बराच वेळ पुसत राहिला.

मॅनेजरला मात्र आनंद झाला. मॅनेजर म्हणजे गुळगुळीत माणूस. कुठलीही गोष्ट त्याच्यावरून ओघळून जायची. “सर, तुम्ही लिहिलंत कोअर नाही मिळाला, आणि पेटी तर फुल आहे! नंतर सापडला का? व्हेरी गुड. पाठवा लॅबला.”

लॅबचा अहवाल आला. उत्तम कोळसा. राख अगदी कमी.

“बघा,” मॅनेजर म्हणाला, “जमीनसुद्धा आपल्या बाजूने आहे.”

असली वाक्यं बोलणारी माणसं वरच्या खुर्चीवर कशी पोचतात, याचं कुणीतरी मूल्यमापन करायला हवं, असं भिंगाच्या मनात आलं. पण तो गप्प राहिला. गप्प राहण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

त्या आठवड्यात कामगार पहिल्या भोकापासून लांबून जायला लागले. भोकात खाली काहीतरी घासल्याचा आवाज येतो म्हणे.

“भोकं श्वास घेतात,” भिंगाने सगळ्यांना जमवून सांगितलं. “हवेचा दाब बदलला की आतली हवा बाहेर, बाहेरची आत. शाळेत गेला असतात तर कळलं असतं.”

सगळे गेल्यावर तो भोकाच्या नळीशी वाकला. कान लावला.

श्वास नव्हता.

खस्स... खस्स... खस्स...

मधेच थांबायचं. जणू कुणी हातातला तुकडा वर धरून माप बघतंय.

मग पुन्हा खस्स... खस्स...

दुसरं भोक होऊ घातलेल्या बोगद्याच्या ऐन वाटेवर, पहिल्याच्याही पुढे होतं. तिथेही तेच झालं. दांडा पडला, पाणी यायचं बंद झालं. मिस्त्री तोंड उघडणार तोच भिंग म्हणाला, “लोणी म्हणालात तर याद राखा.”

या वेळी भिंगाने खरं लिहिलं. पोकळी. जुन्या खाणीची शक्यता. पुढचं काम थांबवावं.

सुनावणी, शब्द, ती शिक्षिका, सगळं गेलं खड्ड्यात. बोगद्याच्या टोकाशी जावई असणार होता. जावई कितीही नावडता असला तरी त्याच्यामागे लेक होती.

त्याने मॅनेजरला फोन केला. “आत्ता या. पेटीतली रिकामी जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि येताना आमच्या जावयांना घेऊन या.”

“तीनपर्यंत येतो, सर.”

“लवकर या.”

“सर, जागा रिकामीच आहे ना? मग ती कुठे पळून जाणार आहे?”

भिंगाने पेटी शेडमध्ये नेली. रिकामी जागा हात घालून तपासली. झाकण बंद केलं आणि झाकणावर बसला. जन्मभर त्याने दगड राखले होते. आज तो काहीच नसलेलं राखत बसला होता.

बाहेर जेवणाची सुट्टी झाली. मिस्त्री कुणाला तरी आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगत होता. कुठेतरी रेडिओ लागला होता. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. भुतांना मुळीच सोयीची नाही अशी ती वेळ.

मग रेडिओ ऐकू येईनासा झाला.

मिस्त्रीचाही आवाज गेला.

आणि त्याच्या बसल्या जागेखालून... झाकणाच्या आतून...

खस्स.

तो उठला नाही. उठला असता तर झाकण मोकळं झालं असतं. त्याने दोन्ही हातांनी पेटीच्या कडा घट्ट धरल्या.

खस्स... खस्स...

“नको,” तो म्हणाला.

आवाज थांबला. माणूस बोलायला लागला की समोरचा अदबीने थांबतो, तसा.

“भरू नका,” भिंग म्हणाला. “मी चुकीचं बोललो होतो. ती जागा रिकामीच राहू द्या.”

त्याने तोपर्यंत कुणालाही चुकलो असं म्हटलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मग आवाज पुन्हा सुरू झाला. आता भराभर. आणि एका ठिकाणाहून नाही... पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दारात सावली पडली. मॅनेजर आणि जावई आले होते.

“बाबा? असे काय बसलात? बरं वाटत नाही का?”

भिंग उठला. झाकण उघडायची त्याला गरज नव्हती. पेटीच्या खालून पाण्याचा ओघळ त्याच्या बुटापर्यंत आला होता.

जावयाने झाकण उघडलं.

पेटी गच्च भरलेली होती.

मॅनेजरने आधी पेटीकडे बघितलं, मग नोंदीकडे, मग भिंगाकडे. “सर, पोकळी कुठाय?”

“ही आत्ता भरली.”

“कुणी?”

भल्याभल्यांना भिंगाने याच प्रश्नावर उताणं पाडलं होतं. पुरावा काय? दाखवा. कुणी केलं? नाव सांगा.

“सर,” मॅनेजर अगदी गोड आवाजात म्हणाला, “फार काम झालंय तुमचं. जरा विश्रांती घ्या.”

ती विश्रांती त्याला लेखी मिळाली. नोंद दुरुस्त झाली. पोकळी खोडून तिथे कोळसा आला, आणि खाली दुसऱ्या कुणाची तरी सही.

त्या रविवारी दुपारी तो लेकीच्या घरी गेला. लेक कपडे वाळत घालत होती. जावई खुर्चीवर उभा राहून पंखा पुसत होता.

“जावईबापू, खाली उतरा. बोलायचंय.”

“बोला की. ऐकू येतंय वरूनही.”

“ती नोकरी सोडा.”

जावई फडका हातात धरून हसला. “दोन वर्षं घरी होतो तेव्हा तुम्ही मला काय काय म्हणालात, सांगू? ‘घरात एक कपाट जास्त झालंय.’ आठवतंय? आता कपाट कामाला लागलं तर म्हणता घरी बस.”

“खाली जुनी खाण आहे. पाणी आहे.”

“तुम्हीच तर भर सभेत म्हणालात, नाही म्हणून.”

“खोटं बोललो.”

लेकीच्या हातातला कपडा तिथेच राहिला. “बाबा, काय म्हणताय तुम्ही?”

“तो दांडा माझ्यासमोर पडला. दोन्ही वेळा. कोअर नव्हता. जागा रिकामी होती. ती नंतर कुणीतरी...”

“कुणीतरी काय?”

“घासून घासून... हाताने करून... आणून ठेवला.”

जावई खुर्चीवरून उतरला. सासऱ्याकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते भिंगाला चांगलं ओळखीचं होतं. गेली कित्येक वर्षं ते त्याच्याच चेहऱ्यावर असायचं.

“बाबा,” जावई हळू म्हणाला, “हे बाहेर कुणाला सांगू नका. लोक हसतील.”

“हसू देत.”

“मलाही हसतील. ‘याचा सासरा भुतं मोजतो’ म्हणतील.”

“अरे, मग एक कर,” लेक मधेच नवऱ्याला म्हणाली. “पहिल्या भोकाशेजारी अजून एक भोक पाडून बघ. तुझ्या हातात आहे ना तेवढं? बाबा खोटं ठरले तर गप्प बसतील. खरे ठरले तर...”

“पाडतो,” जावई म्हणाला.

जावयाने शब्द पाळला. मॅनेजरला काहीतरी कारण सांगून त्याने पहिल्या भोकापासून हातभर अंतरावर नवीन भोक घ्यायला लावलं. भिंगाला बघायला बोलावलं. पाहुणा म्हणून, कुंपणाशी उभं राहून.

दांडा पोकळी लागलेल्या खोलीपर्यंत पोचला तसं भिंगाने कुंपण घट्ट धरलं.

दांडा पडला नाही.

सावकाश, एका चालीने, कोळसा कापत खाली गेला. पाणी वर येत राहिलं. कोअर बाहेर काढला. अखंड. एक चिमूटही गेलेली नाही.

मिस्त्री पेटीकडे बघत होता. “साहेब,” तो म्हणाला, “असा सबंध कोळसा मी कधी काढलेला नाही. कुणीच नाही काढत. थोडा तरी जातोच.”

पहिल्यांदाच मिस्त्री फुशारकी मारत नव्हता.

हातभर अंतरावर माणसाच्या उंचीची पोकळी होती. भिंगाने दांडा पडताना बघितला होता. एक पेटी भरायला एक दुपार पुरते. पण एक सबंध दालन भरायला किती हात लागत असतील?

जावयाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “झालं समाधान?”

त्यानंतर बोगद्याचं काम सुरू झालं. खाली पोकळी नाही हे कागदोपत्री सिद्ध झाल्यामुळे, पुढे लांब ड्रिल मारून चाचपत जायची गरज उरली नाही. जावई रोज आत जायचा. रोज बाहेर यायचा.

भिंग एकदा त्या शिक्षिकेकडे गेला. तिने दार अर्धं उघडलं, त्याला ओळखलं.

“तुमच्या आईच्या आजोबांबद्दल विचारायचं होतं. ते खाली काय काम करत होते?”

“ते घर सोडून निघून गेले होते,” शिक्षिका म्हणाली. “तुम्हीच सांगितलंत.”

“बाई, माझी चूक झाली.”

“चूक कशी? सगळं भरीव आहे ना खाली? मग भिता कशाला?”

दार बंद झालं. आपलेच शब्द, आपल्याच तोंडावर.

गेल्या महिन्यात बोगदा पहिल्या भोकाच्या जागी पोचला.

जावई स्वतः सासऱ्याला आत घेऊन गेला. चेष्टा म्हणून नाही. लेकीने सांगितलं होतं, एकदा डोळ्यांनी बघू दे त्यांना, म्हणजे झोपतील तरी. डोक्याला दिवा, पायात जड बूट. भिंग भिंतीला हात लावत चालत होता. कोळसा कोरडा होता. टणक होता. यंत्राने कापल्याच्या खुणा स्वच्छ होत्या. पाण्याचा थेंब नाही. आवाज नाही.

“ही बघा तुमची पोकळी,” जावई म्हणाला. “इथेच. सर्व्हेयरने खूण केलीय.”

भिंतीवर चुन्याची फुली होती.

भिंगाने फुलीकडे बघितलं. मग वर बघितलं.

आणि बघतच राहिला.

“काय झालं?”

“भोक कुठंय?”

“कसलं भोक?”

“मी पाडलेलं. जमिनीपासून इथपर्यंत. नंतर आपण ते सिमेंटने बुजवलं. मग छतात त्याचा करडा गोल दिसायला हवा. इथे. बरोबर डोक्यावर.”

जावयाने दिवा वर केला. छत वाळूच्या दगडाचं होतं. सपाट, पिवळसर.

गोल नव्हता.

“अरे हो,” जावई म्हणाला. आणि त्याने दिवा बाजूला सरकवला. हातभर अंतरावरचं नवं भोकही तिथेच दिसायला हवं होतं. त्याने ते स्वतः पाडून घेतलं होतं.

तेही नव्हतं.

सर्व्हेयरला बोलावलं. त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. जागा बरोबर होती. वर जमिनीवर या दोन्ही भोकांच्या तोंडाशी क्रमांक घातलेले सिमेंटचे ठोकळे जागच्या जागी आहेत. आजही आहेत. कुणीही जाऊन बघावं.

जावयाने सासऱ्याला खांद्याशी धरून एका पेटीवर उभं केलं. भिंगाने छताला भिंग लावलं, दिवा जवळ घेतला, आणि इंच इंच बघत गेला. सांधा असेल, रंगात फरक असेल, सिमेंटचा एखादा कण असेल.

काही नव्हतं. दाण्याला दाणा लागलेला. मुळात तिथे कधी भोक नव्हतंच, असा दगड.

कोळसा मऊ असतो. घासला तर घासला जातो. वाळूचा दगड असा जुळवून आणणं कुणालाही जमत नाही.

पहिल्या वेळी त्यांच्या बोटांच्या खुणा राहिल्या होत्या.

आता राहत नाहीत.

“बाबा,” जावयाने खालून विचारलं. आवाजातली सगळी मिजास गेली होती. “मग दांडा पडला ती जागा... ती कुठंय?”

भिंग पुन्हा छताला भिंग लावून बघायला लागला.

मॅनेजरला कळवलं तेव्हा तो म्हणाला, “भोक नाही म्हणजे छताला गळती नाही. चांगलंच आहे की.” असल्या माणसांना मरणही सुधारू शकत नसेल.

जावयाने मॅनेजरकडे पुढे चाचपणीची ड्रिल मागितली. मॅनेजरने कारण विचारलं. जे होतं ते त्याने सांगितलं. त्याला एक दिवस विश्रांती घ्यायला सांगण्यात आलं.

“मग सोड ना!” लेक त्या संध्याकाळी ओरडली. “का जातोयस?”

“माझ्याबरोबर आत अकरा माणसं असतात,” जावई म्हणाला. “मी सोडलं तर उद्या दुसरा येईल. त्याला काहीच माहीत नसेल. मी निदान छताकडे बघत तरी चालतो.”

भिंग तिथेच बसला होता. या माणसाला आपण कपाट म्हटलं होतं, हे त्याला आठवलं.

काम चालू आहे. बोगदा रोज ठरलेला पुढे सरकतो. कोळसा उत्तम निघतो. गरजेपेक्षा जास्त उत्तम, असं कामगार म्हणतात आणि विषय बदलतात. ज्याच्या पेटीवर बसून भिंगाने ‘रिकामीच राहू द्या’ म्हटलं होतं, त्या दुसऱ्या भोकाची जागा अजून यायची आहे.

आज सकाळच्या पाळीला जावई आत गेला आहे. पाळी सुटायला अवकाश आहे. भिंग खाणीच्या फाटकाबाहेर बाकावर बसून आहे, आणि पहारेकऱ्याने दोनदा उठवूनही तो उठलेला नाही.